तुरटीतलं नाक

वराळ्यात कुणाच्या म्हशीनं दूध आखडलं, कुणाच्या नव्या टेम्पोचा आरसा तिसऱ्या दिवशी फुटला किंवा कुणाचं पोर तिन्हीसांजेला रडायचं थांबेना, की माणसं आधी झुंबरबाईच्या दारात येत; गुरांचा डॉक्टर, गॅरेजवाला आणि माणसांचा डॉक्टर यांचा नंबर नंतर. झुंबरबाई अठ्ठावन्न वर्षांची, अंगानं आडवी आणि आवाजानं उभी. मीठमोहरीनं दृष्ट कुणीही काढतं. झुंबरबाई तुरटीनं काढायची.

सुपारीएवढा खडा मुठीत घ्यायचा, माणसावरून नाहीतर टेम्पोवरून सात वेळा उतरवायचा, तोंडानं काहीबाही पुटपुटायचं आणि खडा तव्यात टाकून गॅस मोठा करायचा. खड्याला आधी घाम फुटल्यासारखं होतं, मग तो वितळतो, बुडबुडतो आणि बघता बघता पांढरा फेस कापसासारखा वर फुलून येतो. तो गार झाला की त्या वेड्यावाकड्या गोळ्यात नजर लावणाऱ्याचं तोंड दिसतं, असं म्हणतात. ते तोंड ओळखायचं काम झुंबरबाईचं.

आणि खरी गंमत त्या ओळखण्यात होती. तीस वर्षांत तिनं गल्लीतलं, भावकीतलं, गावातलं एकही नाव घेतलं नव्हतं. सासूनं शिकवताना बजावलंच होतं, तुरटीत कुणीबी दिसू दे, सांगताना लांबचं सांगायचं. त्यामुळे वराळ्यावर आलेल्या सगळ्या संकटांना एकच बाई जबाबदार होती. घोरावाडी स्टेशनच्या बाकड्यावर बसलेली, हिरव्या लुगड्यातली, हातात पिशवी असलेली.

"मागल्या आठवड्यात स्टेशनावर गेलतीस का गं?" झुंबरबाई विचारायची. आता घोरावाडीला कोण गेलेलं नसतं?

"गेलते की मावशी."

"मग तितंच. पिशवी सुदीक दिसती बघ तुरटीत."

माणसं समाधानानं घरी जात. भांडण नाही, तंटा नाही, आणि ती हिरव्या लुगड्यातली बिचारी खुलासा करायला कधी आली नाही.

झुंबरबाईच्या घरात मीठ संपलं तर चाललं असतं, तुरटी संपून चालायचं नाही. नळाला चहासारखं पाणी आलं की माठात खडा फिरवायचा, सकाळपर्यंत गाळ तळाला. हिरड्या सुजल्या, तुरटीच्या गुळण्या. टाचांना भेगा, तुरटी. नवरा अंबाजी कंपनीच्या गेटवर वॉचमन होता, आता घराच्या गेटवर असतो. तो दाढी झाली की खडा गालावर फिरवून म्हणायचा, "तुरटीनं त्वांड आवळतं म्हणत्यात. चाळीस वर्सं बघतोय, हिचं काय आवळलं न्हाई." मुलगा स्वराज नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या ओतकामावर. "तुरटीत पण ॲल्युमिनियमच असतं आई," असं त्यानं एकदा सांगितलं, तेव्हा झुंबरबाईनं त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं की पातेलं आणि तुरटी यांची सोयरीक त्यानं पुन्हा काढली नाही.

भिंतीला भिंत लावून भामाबाईचं घर. झुंबरबाई आणि भामाबाई एकाच वर्षी लग्न होऊन गल्लीत आल्या. एकीच्या घरी कालवण उतू गेलं तर वास दुसरीला आधी यायचा. भामाबाईची सून राजेश्वरी, सात वर्षं झाली लग्नाला, मूलबाळ नाही. पुण्याचे दोन दवाखाने झाले, नवस झाले. सरळ, धारदार नाक, शेलाटी, फार बोलायची नाही. झुंबरबाईची सून सविता तळेगावात कापडाच्या दुकानात कामाला. ती परत येईपर्यंत तिची दोन वर्षांची सृष्टी राजेश्वरीच्या कडेवर असायची. चारचा ठोका पडला की पोरगी भामाबाईच्या दारावर तळहात आपटायची, आणि राजेश्वरी आतून "आले गं बबडे" म्हणत हातातलं टाकून यायची. गल्लीला हे रोजचं होतं. त्यात कुणाला काही वावगं दिसलं नव्हतं, तोवर.

दिवाळीनंतर सृष्टीला खोकला लागला. तळेगावातून आणलेलं सिरप तीन दिवसांत गुण देईना, तेव्हा झुंबरबाईनं आपलं काढलं. तुरटी तव्यावर फुलवली, लाटण्यानं कुटून पिठासारखी केली, पुडीत बांधली आणि चिमूटभर मधातून चाटवली. चौथ्या दिवशी खोकला कमी झाला. तो सिरपानं झाला, की आपोआप झाला, हे कोण सांगणार? श्रेय तुरटीला गेलं. इथंच सगळा घोटाळा झाला. खोकला परत उलटू नये म्हणून चाटण चालू राहिलं, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. आणि चिमूट म्हणजे ज्याच्या त्याच्या बोटांवर असते. झुंबरबाईची बोटं भात लावून आणि गवत उपटून झालेली. त्यांच्या चिमटीत दुसऱ्या बाईचा अर्धा चमचा बसतो.

पंधरा दिवसांत पोरगी खाईना. दूध ओठाला लावलं की मान फिरवायची. दिलेलं उलटून पडायचं. मांड्यांवरचं गुबगुबीत गेलं, डोळे मोठे दिसायला लागले. सविता कामावरून आली की पोरीला उचलून तिचं वजन हातातच करायची आणि खाली ठेवायची.

"नजर हाय ही," झुंबरबाई म्हणाली. "आज शनवार. काढते."

तवा ठेवला, खडा उतरवला, टाकला. खडा फुलला तो नेहमीसारखा पसरला नाही, एका बाजूनं वर चढला. गार झाल्यावर झुंबरबाईनं चिमट्यानं उचलून दिव्याखाली धरला. डोक्यावरून पदर घेतल्यासारखा गोल भाग, आणि त्याखालून पुढे आलेलं टोक. सरळ. धारदार.

आता तीस वर्षांची सवय होती. घोरावाडी, बाकडं, हिरवं लुगडं, सगळं जिभेच्या टोकावर तयार होतं. पण आजवर म्हैस दुसऱ्याची होती, टेम्पो दुसऱ्याचा होता. हे पोर तिचं स्वतःचं होतं. आपण लोकांना जे सांगत आलो ते कसं रचलेलं असतं हे आपल्याला माहीत असतं, म्हणून की काय, स्वतःच्या वेळेला तिला ते पुरेना. तिला खरं नाव हवं होतं.

"कोण हाय, आई?" सविता म्हणाली.

"नाक बघ की."

सवितानं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "राजेश्वरी?"

झुंबरबाईनं "न्हाई" म्हणायचं होतं. एवढंच. ती म्हणाली, "म्या कशाला नाव घेऊ? तुझं तुलाच दिसतंय."

दुसऱ्या दिवशी चार वाजता सृष्टी भामाबाईच्या दारावर हात आपटायला निघाली, तेव्हा सवितानं तिला मागं ओढलं. दुकानाला दांडी मारून घरी थांबली होती ती, तेवढ्यासाठीच. राजेश्वरी दारात आली होती. "आज नको," सविता म्हणाली, आणि कडी लावली. पाण्याच्या एटीएमवर, जिथं गावातल्या बाया वीस लिटरचे जार घेऊन रांगेत उभ्या असतात, तिथं सवितानं कुणाला तरी विश्वासानं सांगितलं. रांगेत विश्वासानं सांगितलेलं जार भरायच्या आत शेवटच्या बाईपर्यंत पोचतं. सात वर्षं, मूल नाही, रोज दुसरीचं पोर कडेवर. कुणाला जास्त समजावून सांगावं लागलं नाही. संध्याकाळी बाया आपापली पोरं घेऊन भामाबाईचं घर आलं की गल्लीच्या दुसऱ्या कडेनं जाऊ लागल्या.

भामाबाई काही भांडायला आली नाही. आली असती तर बरं झालं असतं; झुंबरबाईला भांडणाची उत्तरं येतात. तिनं फक्त मधल्या भिंतीवरची दोघींची सामाईक दोरी सोडली आणि आपले कपडे मागच्या बाजूला वाळत घातले. चौथ्या दिवशी राजेश्वरी पिशवी भरून नवलाख उंबऱ्याला माहेरी गेली. तिचा नवरा आदिनाथ कंपनीची बस चालवतो. त्यानंच नेऊन सोडली.

"बघितलंस?" झुंबरबाई अंबाजीला म्हणाली. "मनात काय नसतं तर गेली आसती का?"

अंबाजी दाढी करत होता. त्यानं आरशातूनच विचारलं, "आन् पोरगी खायला लागली का?"

पोरगी खायला लागली नव्हती. नजर लावणारी गावाबाहेर गेली, तरी उलट्या थांबेनात. उलट त्या आठवड्यात झुंबरबाईनं चाटण दिवसातून आणखी एकदा वाढवलं. नवव्या दिवशी सृष्टी मान टाकून पडली, लघवी होईना, ओठ सालपटासारखे झाले. स्वराजनं मोटारसायकल काढली, मागं सविता, मांडीवर पोर. झुंबरबाई आणि अंबाजी रिक्षानं मागोमाग. तळेगावच्या दवाखान्यात लहान मुलांच्या डॉक्टर इंदिराबाई होत्या. पन्नाशीच्या, चष्मा नाकावर घसरलेला, घाईघाईत न बोलणाऱ्या. त्यांनी आधी सलाईन लावलं, मग स्टूल ओढून बसल्या.

"घरचं काय काय दिलंत? खरं सांगा, मी ओरडत नाही."

सवितानं पिशवीतली पुडी काढली. "आईंचं चाटण. खोकल्याचं."

डॉक्टरीणबाईंनी बोट लावून जिभेला टेकवलं आणि तोंड वाकडं केलं. "तुरटी. किती देता?"

झुंबरबाईनं पुडीत बोटं घालून चिमूट उचलली. डॉक्टरीणबाईंनी तिच्यापुढे कागद धरला. कागदावर पडलेला ढीग त्या थोडा वेळ बघत राहिल्या.

"ही एका वेळची?"

"व्हय. दिवसातनं तीनदा. आता चार केली."

"कधीपासून?"

"दिवाळीपसनं."

"मावशी, दाढी करताना कापलं की तुरटी लावतात. काय होतं?"

"रगात थांबतं. कातडी आवळती."

"आणि आतली कातडी? पोटाची?"

अंबाजीनं, बायकोला तेवढीच मदत म्हणून, तोंड घातलं. "पर डॉक्टर, म्या पोटातल्या गॅसवर ती औषधाची पांढरी बाटली पितो. तिच्यावरबी ॲल्युमिनियम लिवलंय म्हणतो आमचा पोरगा. मला कुटं काय झालं?"

"ते वेगळं. ते पोटातलं आंबट मारतं, तुरटी स्वतःच आंबट. घराणं एक, स्वभाव दोन. आणि तुमचं पोट साठीचं, हिचं दोन वर्षांचं. माठात खडा फिरवा, गालाला लावा, माझी ना नाही. पोटात एक कणसुद्धा द्यायचा नाही. जास्त बिघडायच्या आत आणलंत, सुधारेल."

त्या उठल्या, तशी झुंबरबाई त्यांच्यामागं व्हरांड्यात गेली. आवाज एकदम लहान झाला होता. "बाई, म्या दृष्ट काढली व्हती. त्यात त्वांड दिसलं. नाक दिसलं. सरळ, आसं."

"मावशी, तुरटीच्या खड्यात जवळजवळ निम्मं पाणीच असतं, आत कोंडलेलं. तापलं की त्याची वाफ होऊन बाहेर पळते आणि जाता जाता उरलेल्याला फुगवते. ज्या बाजूनं पळाली त्या बाजूला नाक."

तिसऱ्या दिवशी सृष्टीनं पेज मागून घेतली, पाचव्या दिवशी घरी आली. सवितानं घरात पाऊल टाकताच स्वयंपाकघरातली पुडी मोरीत रिकामी केली आणि नळ सोडला. सासूला एक शब्द बोलली नाही. बोलणार तरी कशी? चाटण सासूचं होतं, पण नाव तिच्या तोंडून निघालं होतं. दोघी एकमेकींना ताट वाढत होत्या आणि एकमेकींकडे बघत नव्हत्या. अंबाजीला थट्टा करायची फार सवय. त्यानंही दोन दिवस तोंड शिवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "झुंबरे, पोरगी वाचली ती आपली. पलीकडची जी गेली, ती कोन आणनार?"

झुंबरबाई उठली आणि भामाबाईच्या दारात गेली. भामाबाई तांदूळ निवडत होती.

"भामे, माजंच चुकलं. पोरीला माज्याच हातनं बाधलं. डॉक्टरनं सांगितलं."

भामाबाई खडे बाजूला काढत राहिली. "मला आधीच म्हाईत व्हतं की आमच्या घरातलं काय न्हाई. मला सांगून काय उपेग?"

"मग कुणाला सांगू?"

"जिला सोसावं लागलं तिला. आन् जिथं तिचं नाव नाचवलंस तिथं."

सहा आसनी रिक्षात दहाजणांत कोंबून झुंबरबाई नवलाख उंबऱ्याला गेली. राजेश्वरी माहेरच्या ओट्यावर शेंगा फोडत होती. तिनं पाणी दिलं, पाया पडली. रीत सोडली नाही. ते झुंबरबाईला शिव्यांपेक्षा जड गेलं. तिनं सगळं सांगितलं, चाटण, चिमूट, कागदावरचा ढीग, वाफ आणि नाक. काही लपवलं नाही. राजेश्वरीनं ऐकून घेतलं.

"बबडी आता बरी हाय ना?"

"बरी हाय. तुला हुडकती."

राजेश्वरी शेंगा फोडायची थांबली. "मावशी, मला आता कळंना झालंय. तुमी बोललात तवा मला राग नाय आला. मला वाटलं, लागली आसंल माजीच. तिला घेतलं की मनात यायचं ना माज्या, की ही माजी आसती तर. रोज यायचं. मग मी म्हनलं, त्यालाच नजर म्हनत असतील."

तीस वर्षांत पहिल्यांदा एका बाईनं तिच्यापुढे कबूल केलं होतं की नजर माझी, आणि ती खोटी आहे हे झुंबरबाईला ठाऊक होतं. "आसं मनात येनं म्हंजी नजर न्हवं गं," ती कशीबशी म्हणाली. "ती माया आसती." राजेश्वरीनं मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या एटीएमवर झुंबरबाई जार न घेताच जाऊन उभी राहिली. रांग चांगली लांब होती.

"ऐका गं बायांनो. राजेश्वरीची नजरबिजर काय नव्हती. म्याच पोरीला तुरटी चारली, त्यानं झालं. तळेगावच्या डॉक्टरनं सांगितलं. इचारा सविताला."

बायांनी ऐकलं. कुणी चूक म्हणालं नाही, कुणी बरोबर म्हणालं नाही. पाणी सोडणारा हौशीराम तेवढा हसला. "मावशी, आता तुमीच पेशंट, तुमीच डॉक्टर." रांगेतली एक पुढच्या बाईच्या कानाशी वाकली, आणि ती काय म्हणाली ते झुंबरबाईला लख्ख ऐकू आलं.

"मन मोठं हाय मावशीचं. शेजारीण हाय म्हनून सोत्यावर घेती. ह्यांनी कवा कुनाचं नाव घेतलंय?"

झुंबरबाईनं पुन्हा सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. जितकी ओरडली, तितकं बायांचं तिच्याबद्दलचं मत चांगलं होत गेलं. शेवटी हौशीरामनं जाराचं बूच लावता लावता तिला सांगितलं, "मावशी, जाऊ द्या. तुमी लय चांगल्या हाय."

घरी येऊन तिनं तवा घासून वर फडताळात टाकला. त्या आठवड्यात एकजण नव्या गाडीची दृष्ट काढायला आला, त्याला तिनं दारातूनच परतवलं. "माजं डोळं गेलं," म्हणाली. त्यानं ते गावभर सांगितलं, आणि लोकांनी त्याचाही अर्थ लावला की मावशीला राजेश्वरीची गोष्ट फार लागली आहे, म्हणजे नजर तशीच जबरदस्त असणार.

आदिनाथनं दोन आठवड्यांनी बायकोला परत आणलं. संध्याकाळ होती, बसची पाळी संपवून तो तिला घेऊन आला. गल्लीतल्या दोन बायांनी आपली पोरं आत बोलावली, अगदी प्रेमानं. झुंबरबाई ओट्यावर बसली होती. ती उठून पुढे गेली, पण राजेश्वरी "कशा हाय मावशी" म्हणून मान खाली घालून घरात गेली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता सृष्टीला कुणी आवरलं नाही. सविता कामावर होती. पोरगी धावत गेली आणि भामाबाईच्या दारावर तळहात आपटू लागली. आत पावलं वाजली, दाराजवळ आली. थांबली.

"बबडे, आज नको," राजेश्वरी आतून म्हणाली. "मी कामात हाय. आजीकडं जा."

पोरगी हात आपटतच राहिली. तिला फक्त एवढंच कळत होतं की चार वाजलेत आणि दार उघडत नाही. झुंबरबाई गेली. तिनं नात उचलली नाही. तीही दाराला टेकून पायरीवर बसली.

"राजे," ती म्हणाली, "उगड. म्या हितं बसलीय. समदी गल्ली बघतीय. उगड आन् समद्यांच्या देखत घे तिला."

समोरच्या घराच्या खिडकीत पडदा हलला. भामाबाई आतून काहीतरी हळू बोलली, राजेश्वरी रडक्या आवाजात "नको आत्या, परत तिला काय झालं तर" म्हणाली, आणि दार बंदच राहिलं.

सृष्टी थकून झुंबरबाईच्या मांडीवर बसली. दुकानातून सविता आली, तिनं दोघींना तिथं पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि तीही सासूशेजारी पायरीवर बसली. अंबाजीनं पलीकडून हाक मारली, "अगं, च्या ठिवू का?"

"ठिवा," झुंबरबाई म्हणाली, "आन् हितंच आना. उद्याबी हितंच बसायचं हाय."